पत्र्याखालची बाळंतीण

माझ्या कामाला मे महिना सगळ्यात सोयीचा. आकाशात ढग नसतात, त्यामुळे उपग्रहाची चित्रं स्वच्छ येतात. जून ते सप्टेंबर नुसता पांढरा पडदा असतो, खालचं काही दिसत नाही. म्हणून माझा बराचसा अभ्यास उन्हाळ्याचा आहे, आणि मी जिथे राहतो तिथल्या माणसांना जो महिना नकोसा होतो, त्याची मी वाट बघत असतो. हे मला कधीच बरं वाटलेलं नाही, पण तसं आहे खरं.

मी अंबाजोगाईत एका कॉलेजात भूगोल शिकवतो. गेली काही वर्षं उपग्रहाच्या माहितीवरून कोरडवाहू पट्ट्यातली जमीन कशी आणि किती तापते, याचा अभ्यास करतो. काम ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात ते संगणकासमोर बसून चौकोन मोजण्याचं काम आहे. उपग्रह खालच्या जमिनीचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतो. तो आकडा हवेच्या तापमानाचा नसतो, जमिनीच्या कातडीचा असतो. हात टेकवला तर जे लागेल ते. ज्या उपग्रहाची चित्रं मी जास्त वापरतो तो आमच्यावरून सकाळी अकराच्या आत निघून जातो. दुपारचं त्याला माहीत नाही. त्याचा चौकोन शंभर मीटरचा. दुसरा एक आहे, तो दिवसाही बघतो आणि रात्रीही बघतो, पण त्याचा चौकोन एक किलोमीटरचा. आमच्याकडचं एखादं गाव त्याच्या एका चौकोनात कडेच्या रानासकट मावतं.

या चित्रांत मला एक गोष्ट दरवर्षी दिसते आणि ती लोकांना पटवणं अवघड जातं. गाव थंड आणि शहर गरम, असं सगळे धरून चालतात. आमच्या भागात उन्हाळ्यात दिवसा ते उलट असतं. अंबाजोगाईत जुनी झाडं आहेत, घरांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं आहेत, त्यांच्यावर गवताची काडी नसते. ती रानं नकाशावर सगळ्यात लाल दिसतात, आणि त्या लालाच्या मधोमध गावं असतात, पत्र्याच्या छपरांची.

अशाच एका गावात, घाटनांदूरच्या अलीकडे, माझी मोठी बहीण राहते. मी तिला अक्का म्हणतो. त्या वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात ती बाळंत झाली, मुलगी झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी मायलेकी अक्काच्या घरी गेल्या, आणि पाचवीच्या पूजेला मी गेलो.

बाळंतिणीची खोली आतली होती. दार लावलेलं, खिडकीला गोधडी ठोकलेली, वारं लागू नये म्हणून. आत शिरलो तर डोळ्यांना काही दिसेना, फक्त ओव्याचा धूर नाकात गेला. मग हळूहळू बाज दिसली. बाजेवर भाची, कानाला घट्ट फडकं बांधलेलं, अंगावर शाल. तिच्या कुशीत बाळ, टोपडं घालून दुपट्यात गुंडाळलेलं. आणि बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांनी भरलेली. वर पत्रा होता. बाहेर उन्हात पत्रा तडतडतो तो आवाज खोलीत ऐकू येत होता.

"कसं हाय गं?" मी विचारलं.

"बरंय मामा," भाची म्हणाली. तिचे ओठ सुकलेले होते. "फक्त पाणी द्यायला सांगा आईला."

"पानी देतेच की," अक्का दारातून म्हणाली. "गरम करून, घोटभर. पोट सुटंल न्हाईतर. तुज्या टायमाला मी म्हैनाभर घोटभर पान्यावर काढला."

मी बाहेर ओसरीत येऊन बसलो. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, तिथे अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होते. अक्काही येऊन बसली. मी तिला म्हणालो, मायलेकींना माझ्या घरी पाठव. आमच्या घरावर स्लॅब आहे, दारात कडुनिंब आहे, दवाखाना जवळ आहे. अजून महिनाभर ऊन असंच राहणार.

अक्का थेट उभीच राहिली. "बाळंतीन मामाच्या घरी? आन हितं आई जिती असताना? सव्वा म्हैना उंबरा वलांडीत न्हाईत, ठाव हाय ना तुला? आन गावाकडं हवा असती. तुमच्या अंबाजोगाईत काय हाय? धूर."

मी बरोबर नकाशा नेला होता. हे माझ्या स्वभावातच आहे, मी बोलण्याआधी कागद काढतो. तिला लाल भाग दाखवला, तिचं गाव दाखवलं, अंबाजोगाईचा फिका ठिपका दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला. तिला नकाशा वाचता येत नाही, पण लाल म्हणजे काय ते कळतं.

"ह्यात माजं घर कुठं हाय?"

"घर दिसत नाही. एवढा एक चौकोन, ह्यात तुमची सगळी आळी आली."

"म्हंजे माज्या खोलीत किती गरम हाय, हे तुज्या उपग्रहाला ठाव न्हाई."

"नाही."

"मंग?"

दाजी हसले. "ह्ये बगा पावनं, तुमी शिकलेली मानसं लई इमानदार, तितंच मार खाता. हो म्हना की! दिसतंय म्हना! कोन वर जाऊन बगनार हाय?"

पण मला तसं म्हणता आलं नसतं, आणि आजही येणार नाही. जे मोजलेलं नाही ते मोजलंय असं एकदा सांगितलं की नंतर खरं मोजलेलंही कोणी ऐकत नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. उपग्रहाला आळीची छपरं एकत्र दिसतात, छपराखालचं माणूस दिसत नाही. आमच्या कामात याच्यासाठी एक रीत आहे. चित्रात जे दिसतं ते जमिनीवर जाऊन पडताळायचं. कॉलेजातली उपकरणं गाडीत होती. त्यातला एक छोटा तापमापक मी आणला. तो दिवसभरातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवतो. मी तो बाजेच्या उशाला खुंटीवर अडकवला आणि भाचीला कसा वाचायचा ते दाखवलं.

"ह्यो उपग्रह का?" दाजींनी दारातून विचारलं.

"उपग्रहाचा पंच," मी म्हणालो.

"पंच ठिवा, पन पंचायत नको," अक्का म्हणाली, आणि तिने शेगडीत आणखी दोन निखारे टाकले.

त्या दिवशी मी तसाच परत आलो.

दोन दिवसांनी दुपारी भाचीचा फोन आला. आवाज इतका बारीक होता की मला आधी कळलंच नाही कोण बोलतंय.

"मामा, बाळ दूध ओढत नाहीये. सकाळपासून झोपलंच आहे. आई म्हणते गुणाचं आहे, निजतंय. मला नाही तसं वाटत."

"लघवी केली?"

"सकाळपासून नाही."

"काटा काय दाखवतो?"

ती उठली असावी, बाज वाजली. "त्रेचाळीस."

"रात्री सगळ्यात कमी किती होता?"

"तेहेतीस."

त्रेचाळीसपेक्षा मला तेहेतीसने जास्त घाबरवलं. दिवसा माणूस तापतं आणि रात्री निवतं, त्यावर ते टिकतं. ती खोली रात्रीही निवत नव्हती. मी म्हणालो, दार उघड, शेगडी बाहेर काढ, बाळाचं टोपडं आणि दुपटं सोड, आणि तू तांब्याभर पाणी पी, कोणी काहीही म्हणो. मी निघालो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच रानं होती जी मी सकाळी पडद्यावर बघितली होती. पडद्यावर त्यांना आकडे असतात. गाडीच्या काचेतून नुसती काळी ढेकळं आणि त्यावर थरथरणारी हवा. एकही माणूस रस्त्यावर नव्हतं. गुरंही नव्हती.

पोचलो तर शेगडी अंगणात होती आणि अक्का तिच्याजवळ, भर उन्हात, पाठ करून बसली होती. लेकीने चिमट्याने उचलून शेगडी बाहेर आणली होती. पाच-सात दिवसांच्या बाळंतिणीने. अक्काने मान वळवली नाही.

"तुज्या काट्यानं माज्या घरात भांडन लावलं. लेक मला म्हनती, आई तू मारशील हिला. मी मारीन? मी?"

मी आत गेलो. भाची बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ लाल झालं होतं आणि गप्प होतं, हात लावला तरी तोंड वळवत नव्हतं. मी बाहेर आलो, अक्काला म्हणालो, "माझ्याशी भांडण नंतर कर. आधी आत ये आणि तिच्या टाळूवर हात ठेव."

ती उठली. आत आली. बाळाच्या डोक्यावर दोन बोटं टेकवली आणि तिचा चेहरा बदलला. टाळू खोल गेली होती. त्याचा अर्थ तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. आमच्याकडे लहानपणी हगवणीने गेलेल्या मुलांबद्दल बोलताना बायका नेमकं हेच सांगत.

"टाळू बसली," ती म्हणाली. एवढंच. मग पदर खोचला, बाळाला उचललं आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसली. चप्पल घालायची राहिली होती. सव्वा महिन्याचा उंबरा तिने स्वतःच ओलांडायला लावला, लेकीला हाक मारून: "चल गं, लवकर! बसून काय ऱ्हायलीस!"

दवाखान्यात डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने बाळाच्या अंगावरचे कपडे एकेक करून काढले आणि बाजूला ठेवत गेली. वाटेत वारं लागेल म्हणून अक्काने ते गाडीत परत गुंडाळले होते. डॉक्टर रागावली नाही, हे मला आठवतं. तिने फक्त विचारलं, आई दिवसभरात किती पाणी पिते. अक्का म्हणाली, "घोटभर." डॉक्टरने मान डोलावली आणि सलाईन लावायला घेतलं. त्या एवढ्याशा हाताला शीर सापडेना. तीनदा टोचावं लागलं. बाळ टोचल्यावरही रडलं नाही, आणि ते न रडणं अक्काला सहन झालं नाही. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून खाली बसली.

मी तिच्या शेजारी बसलो.

"तू झालास तवा मी सात वर्साची व्हते. म्हैना ह्योच, वैशाख. आईच्या बाजंखाली शेगडी मीच सरकवायचे. आई म्हनायची, आनखी सरकव, हुडहुडी भरती. भर वैशाखात. तिला काय झालं न्हाई. तुला काय झालं न्हाई. मंग हिलाच कावून?"

ती मला दोष देत नव्हती, खरोखर विचारत होती. आणि या प्रश्नाचं उत्तर मला देता येत होतं.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरे, सऱ्यांवर चिपाडं आणि त्यावर हातभर पांढरी माती. दरवर्षी पावसाआधी वडील त्यावर नवी माती टाकत. त्या घरात आतल्या खोलीत बाराही महिने गारवा असे. वैशाखात दुपारी आम्ही वाकळ पांघरून निजत असू. तसल्या खोलीत रक्त गेलेल्या बाईला हुडहुडी भरणारच, आणि तिला शेगडी लागणारच. शेजारच्या जिल्ह्यात भूकंप झाला आणि तसलीच दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली, तेव्हा आमच्या भागातल्याही लोकांनी धास्ती घेतली. ज्याला जसं जमलं तसं माळवद उतरवलं आणि पत्रा घातला. दाजींनीही घातला. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. अलीकडच्या वर्षांत एकाच दिवसात कोसळणारे पाऊस आले, त्यांत उरलीसुरली माळवदं बसली. माळवद चांगलं होतं असं मी सरळ म्हणणार नाही. ते थंड होतं, एवढंच म्हणेन.

मी अक्काला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "आईच्या डोक्यावर माळवद होतं."

ती हळूच म्हणाली, "आन मी पत्र्याखाली शेगडी ठिवली."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळ रडलं. साधं नाही, चांगलं ओरडून. व्हरांड्यातल्या इतर बायका वैतागून बघायला लागल्या आणि अक्का त्यांना म्हणाली, "रडू द्या ओ बाई. लई वाट बगितली ह्या रडन्याची." आणि स्वतःच रडायला लागली.

दवाखान्यातून सोडताना मी पुन्हा माझ्या घराचं विचारलं. अक्काने मान हलवली. लेक माहेरीच राहील. त्यावर वाद नाही. पण गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "पत्रा गार कसा करत्यात?"

दाजींना ते ठाऊक होतं, गावात पुष्कळांना ठाऊक होतं. पत्र्यावर कडबा टाकायचा. वाळलेल्या ज्वारीच्या ताटांच्या पेंढ्या, एकावर एक, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड. अडचण एवढीच की मे महिन्यात कडबा म्हणजे गुरांच्या तोंडचा घास असतो. नवा हंगाम लांब, गंजी निम्मी झालेली.

"बैलं काय पत्रा खातील का?" दाजी म्हणाले.

"बैलं उसाचं वाडं खातील. कडबा वर चढवा," अक्का म्हणाली.

दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बगा पावनं, आता माजी गंज बी तुमच्या नकाशात जानार." पण शिडी त्यांनीच आणली. मी खालून पेंढ्या फेकत होतो, ते वर लावत होते. पत्र्यावर पाय ठेवायला ओली पोती टाकावी लागली. खोलीची खिडकी उघडली आणि तिला ओलं पोतं लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीने काटा वाचला: सदतीस. फार कमी नाही. पण बाळ दूध पीत होतं.

बघायला येणाऱ्या बायकांचं काय करायचं, ही माझी काळजी होती. शेगडी नाही म्हटल्यावर गावात बोलणं होणार. एका दुपारी मी ओसरीत असतानाच शेजारची म्हातारी आली आणि बाजेखाली वाकून बघत म्हणाली, "अगं, शेक कुठाय? उगं शेरातल्या भावाचं ऐकून ऱ्हायलीस व्हय?"

"भावाचं कशाला ऐकू?" अक्का म्हणाली. "वर कडबा हाय ना मावशी. खाली इस्तू ठिवला आन ठिनगी उडाली तर? घर जळंल की."

म्हातारीने वर बघितलं, पटल्यासारखी मान डोलावली आणि मुलीला बघून गेली. मग आणखी बायका आल्या, त्यांनाही हेच उत्तर. कोणी रीत मोडली नव्हती. वर कडबा होता म्हणून खाली विस्तव ठेवता येत नव्हता, इतकंच. माझ्या नकाशाने, आकड्याने आणि काट्याने जे जमलं नव्हतं ते त्या एका वाक्याने जमलं.

श्रावणात भाची सासरी गेली, युसूफ वडगावला. जाताना अक्काने बाळंतविडा दिला: बाळाची अंगडी-टोपडी, पाळण्याची गादी, डिंकाचे लाडू. सगळं बांधून झाल्यावर तिने मला विचारलं, "तिकडचं घर दिसतं का रं तुज्या उपग्रहात?"

"गाव दिसतं. घर नाही."

"पत्र्याचंच हाय त्यांचं बी." ती खोलीत गेली, खुंटीवरचा तापमापक काढून आणला आणि गाठोड्यात टोपड्यांच्या मधे ठेवला. कॉलेजच्या सामानात एक वस्तू कमी झाली. मी ती माझ्याकडून भरून दिली.

पुढच्या मार्चमध्ये अक्काची ज्वारी निघाली. ताटं वाळली आणि तिने एक छोटा टेम्पो करून कडब्याच्या पेंढ्या युसूफ वडगावला पाठवून दिल्या, न विचारता. त्याच दिवशी विहीणबाईंचा फोन आला. मी तिथेच होतो, आवाज मलाही ऐकू येत होता. त्या दुखावल्या होत्या.

"विहीनबाई, आमच्यात काय कडब्याला कमी हाय व्हय? आमची गुरं उपाशी ऱ्हात्यात असं कोन सांगितलं तुमाला?"

"गुरांसाठी न्हाई ओ," अक्का म्हणाली. "बाळंतविड्यातलं ऱ्हायलं व्हतं. नातीसाठी हाय."

तिकडे त्यांनी सुनेला काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. मग विहीणबाई म्हणाल्या, "वर चढवायचा का?"

"वर चढवा. दगडं ठिवा वरून. वारं सुटतं तुमच्याकडं."

या मेची चित्रं आली आहेत. युसूफ वडगावचा चौकोन गेल्या वर्षीसारखाच लाल आहे. एका छपरावरचा कडबा त्यात दिसत नाही, दिसणार नव्हताच. तो चौकोन बघून झाल्यावर मी भाचीला फोन केला. मागे मुलगी कशावर तरी वाटी आपटत होती. भाची काटा वाचायला उठली.